प्राथमिक शाळा निवडताना: मुलाचा रोजचा दिवस कसा जाणार, हे कसं तपासायचं?

दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच शहरांमधल्या खासगी शाळांच्या फाटकांवर ‘प्रवेश सुरू’चे फलक लागतात. पुढे पाडव्याच्या सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळांचे शिक्षक ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत वाड्यावस्त्यांवर फिरतात. दोन्हीकडे पालकांच्या कानावर एक शब्द हमखास पडतो: सर्वांगीण विकास. माहितीपत्रकात त्याच्या जोडीला पोहणं, रोबोटिक्स, नाट्य, योग, अबॅकस अशी लांबलचक यादी असते. पण त्या यादीवरून मुलाचा शाळेतला दिवस कसा जाणार हे काहीच कळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. शाळा सर्वांगीण शिक्षण देते की नाही, हे तिच्या साध्या मंगळवारी कळतं. ज्या दिवशी गॅदरिंग नाही, पाहुणे नाहीत, स्पर्धा नाही, त्या दिवशी वर्गातलं मागच्या बाकावरचं, हळू शिकणारं, बुजरं मूल काय करतंय हे बघायचं. ते हातांनी काही करतंय का, मनातलं बोलतंय का, पळतंय का, गातंय का, वाचतंय का? हे बघता येतं, विचारता येतं आणि कागदावरही तपासता येतं. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही, हे आधी लक्षात असू द्या. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या नई तालीममध्ये हाताने केलेल्या कामातून शिकणं हाच पाया होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. कोल्हापुरात लीलाताई पाटलांचं सृजन आनंद विद्यालय, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभं केलेलं कमला निंबकर बालभवन, पुण्यात अक्षरनंदन, सेवाग्रामला आनंद निकेतन. या सगळ्या शाळा मराठीतून शिकवत आल्या आहेत. यातली एखादी शाळा तुमच्या गावात असेलच असं नाही. पण चांगली प्राथमिक शाळा कशी असते याचा नमुना परदेशातून आणायची आपल्याला गरज नाही, एवढं यातून नक्की कळतं.

आधी घरात बसून ठरवायच्या गोष्टी

शाळा बघायला निघण्याआधी तीन गोष्टींवर घरात बोलून घ्या: अंतर, माध्यम आणि पैसे. आजी-आजोबा मुलाला सांभाळत असतील तर त्यांनाही या बोलण्यात घ्या, कारण शाळेची वेळ आणि ने-आण त्यांच्यावरच येणार असते.

अंतराचा विचार पालक सगळ्यात शेवटी करतात, खरं तर तो पहिला करायला हवा. सहा वर्षांच्या मुलाचा जाऊन-येऊन दीड तास बसमध्ये जात असेल, तर तेवढा वेळ त्याच्या खेळातून आणि झोपेतून वजा होतो. घरापासून अर्ध्या तासाच्या आत पोचता येईल अशाच शाळा मी यादीत ठेवीन. मुलाला चालत जाता येत असेल तर त्याहून उत्तम. वाटेत मित्र होतात, दुकानदार ओळखीचे होतात, पावसात भिजायला मिळतं. हेही शिक्षणच आहे, आणि त्याला शुल्क पडत नाही. शाळा किती वाजता भरते तेही विचारा. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली काढला. लहान मुलांची झोप पुरी व्हावी, हा त्यामागचा हेतू होता. शाळा याहून लवकर भरत असेल तर त्याचं कारण विचारायला संकोच करू नका.

माध्यमाच्या बाबतीत मी आडपडदा ठेवत नाही. घरात जी भाषा बोलली जाते, तिच्यातूनच मुलाने निदान पाचवीपर्यंत शिकावं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही निदान पाचवीपर्यंत, शक्य असेल तर आठवीपर्यंत हाच आग्रह धरला आहे. यामागचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. वर्गात मूल प्रश्न विचारतं, भांडतं, गोष्ट रचतं, आपलं चुकलं कुठे हे सांगतं, ते सगळं त्याच्या भाषेत. ती भाषा वर्गाबाहेर ठेवली की मूल गप्प बसायला शिकतं, आणि गप्प मुलाचा सर्वांगीण विकास कुठलाच उपक्रम करू शकत नाही. इंग्रजी नीट यायला हवं हे खरंच आहे. त्यासाठी इंग्रजी ही भाषा म्हणून चांगली शिकवणारी मराठी शाळा शोधा. सेमी इंग्रजीचा पर्याय असेल तर गणित इंग्रजीतून कोणत्या इयत्तेपासून सुरू होतं आणि ते शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला त्या भाषेत सहज बोलता येतं का, हे पाहा.

घरी पावरी, कोलामी, गोंडी किंवा हिंदी बोलली जात असेल तर प्रश्न थोडा बदलतो: पहिलीच्या बाईंना मुलाची बोली समजते का? ती वर्गात बोललेली चालते का? आणि काही कारणाने इंग्रजी माध्यमच घ्यायचं ठरलं असेल, तर मराठीच्या तासिका किती आणि त्या कोण घेतं, हे जरूर विचारा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. तरी ती मनापासून शिकवली जाते की उरकली जाते, हे शाळेगणिक बदलतं.

वयाची घाई करू नका. पहिलीसाठी त्या शैक्षणिक वर्षात ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण व्हावीत असा राज्याचा नियम आहे. मूल हुशार आहे म्हणून त्याला वर ढकलण्यात काही फायदा नाही. लहान वयात सहा महिन्यांनीही फार फरक पडतो. पेन्सिल धरणारी बोटं, एका जागी बसण्याची ताकद, मित्राने खेळणं हिसकावल्यावर रडू आवरणं, हे सगळं वयानेच येतं.

कागदावरची चाचपणी

हे काम कंटाळवाणं आहे, पण एका संध्याकाळी उरकतं. शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, मागून घ्या. तो ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. तो केंद्र सरकारच्या यूडायस संकेतस्थळावर टाकला की शाळेची नोंद, इयत्ता, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या असा बराच तपशील दिसतो. शाळेने सांगितलेलं आणि तिथे दिसणारं यांत मोठी तफावत असेल तर शाळेला विचारा. मान्यता कितवीपर्यंत आहे हेही तपासा. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ या उत्तरावर प्रवेश घेऊ नका. शिक्षण विभाग वेळोवेळी अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतो, त्याही एकदा नजरेखालून घाला.

शिक्षणहक्क कायद्यातल्या काही तरतुदी प्रत्येक पालकाला तोंडपाठ असाव्यात. कलम १३ नुसार प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही आणि मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. अशी चाळणी घेतली तर पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मला यात दंडापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. जी शाळा सहा वर्षांच्या मुलाची मुलाखत घेऊन ‘चांगली’ मुलं वेचते, ती सगळ्या मुलांना फुलवायचा दावा कशाच्या जोरावर करते? कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घालतं. कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. तुम्ही त्यात बसत असाल तर ऑनलाइन अर्जाच्या तारखांवर लक्ष ठेवा. बसत नसाल तरी शाळेला विचारा, की ही मुलं कोणत्या वर्गांत असतात आणि सहलीला त्यांचे पैसे कोण भरतं. शाळेचं मन या एका उत्तरातून कळतं.

शाळा चालू असताना जा

रविवारी भरणाऱ्या ‘ओपन हाउस’ला जाऊन शाळा दिसत नाही, इमारत दिसते. कामाच्या दिवशी, मधल्या सुट्टीच्या थोडं आधी पोचता येईल अशी वेळ मागा. कोणी म्हणेल की वर्ग चालू असताना आत येता येणार नाही. मुलांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून असं असेल तर ते रास्त आहे. पण मग व्हरांड्यातून फिरू द्या, मधली सुट्टी बघू द्या, असं म्हणा. तेही नाकारलं तर ती शाळा माझ्या यादीतून गेली.

वर्गाबाहेर उभं राहून दोन मिनिटं नुसतं ऐका. एकाच माणसाचा आवाज येतोय, की मुलांचेही येताहेत? पूर्ण शांतता हा शिस्तीचा पुरावा धरू नका. दहा-बारा मुलं एकदम बोलत असतील आणि बाई एका गटापाशी वाकून काहीतरी दाखवत असतील, तर त्या कलकलाटात शिकणं चालू असतं. मुलं एकमेकांकडे तोंड करून बसतात का, की सगळ्यांची तोंडं कायम फळ्याकडे? भिंतीवर काय लावलंय तेही पाहा. छापील तक्ते आणि महापुरुषांच्या तसबिरी सगळीकडेच असतात. मुलांनी काढलेली चित्रं आहेत का, आणि ती मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलीत की पाहुण्यांच्या? चाळीस चित्रांत चाळीस तीच झोपडी, तोच डोंगरामागचा सूर्य आणि तेच नारळाचं झाड असेल, तर तिथे चित्रकलेचा तास असून नसल्यासारखा आहे.

मग वेळापत्रकाचा फोटो मागा. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. म्हणजे दिवसाला सुमारे ४ तास. या चार तासांत कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाला आठवड्याला किती तासिका आहेत, ते मोजा. मोजून झाल्यावर पुढचा प्रश्न विचारा, तो जास्त महत्त्वाचा: गेल्या महिन्यात यांतल्या किती तासिका खरोखर झाल्या? चाचणी जवळ आली की खेळाच्या तासाला गणित घेतात हे आपण सगळे जाणतो. मुलांना विचारलं तर ती खरं सांगून टाकतात. ‘काल खेळायला मिळालं का?’ एवढंच विचारा.

यादीतल्या प्रत्येक उपक्रमाबद्दल तीनच गोष्टी विचारायच्या: तो प्रत्येक मुलाला मिळतो की निवडक मुलांना, आठवड्यातून किती वेळा, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का. घोडेस्वारी आहे पण वर्षातून एकदा, आणि मैदानावर रोज फक्त शाळेचा संघ सराव करतो, अशी शाळा सर्वांगीण नाही. याउलट, एखाद्या वस्तीशाळेत लगोरी, लंगडी, मातीकाम, परसबागेत मेथी लावणं आणि शनिवारी बालसभा एवढंच असतं, पण ते प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतं. स्नेहसंमेलनाची चौकशी करतानाही विचारा, की रंगमंचावर सगळी मुलं येतात का. नेहमी झाड व्हायला उभी केली जाणारी काही मुलं असतात. ती कोण आहेत, आणि परिपाठात बातम्या वाचायची पाळी त्यांच्यावर कधी येते का?

ग्रंथालय बघताना कपाटाला कुलूप आहे का ते पाहा. पुस्तकांची संख्या सांगतील, ती ऐकून घ्या आणि देवघेवीची वही मागा. शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे? नोंदी पहिली-दुसरीच्या मुलांच्याही आहेत का? कोपऱ्यात दोरीवर लटकवलेली, कोपरे दुमडलेली, थोडी फाटकी पुस्तकं दिसली तर आनंद माना. ती वाचली गेलेली असतात.

स्वच्छतागृह स्वतः जाऊन पाहा. मुलींचं वेगळं आहे का, कडी सहा वर्षांच्या मुलीला लागते आणि उघडता येते का, नळाला पाणी आहे का, साबण आहे का. दिवसभर लघवी दाबून ठेवणारी मुलं पाणी पिणं टाळतात, दुपारपर्यंत त्यांचं डोकं दुखू लागतं आणि वर्गात लक्ष लागत नाही. एवढी एक सोय न करणारी शाळा विकासाच्या कितीही गप्पा मारो, तिला मूल कळलेलं नाही.

मधली सुट्टी शेवटपर्यंत बघा. मुलं डबे एकमेकांना देतात का? सगळ्यांना खायला पुरेसा वेळ मिळतो का? शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर पोषण आहार कुठे शिजतो, वाढण्याआधी चव घेऊन नोंद करायची वही भरली जाते का, हे पाहा. आणि एकटं बसलेलं मूल दिसलं, तर कोणी मोठं माणूस त्याच्यापाशी जातं का, हेही.

वह्या आणि प्रगतिपुस्तक

शाळेच्या आत काय चालतं हे सर्वांत खरं वह्या सांगतात. शेजारच्या मुलाची किंवा नात्यातल्या मुलीची वही मिळाली तरी पुरे. तिसरीच्या वर्गातल्या दोन वह्या घ्या आणि निबंधाचं पान उघडा. दोन्हींत ‘गाय हा माझा आवडता प्राणी आहे. तिला चार पाय असतात’ हीच वाक्यं त्याच क्रमाने असतील, तर ती फळ्यावरून उतरवलेली आहेत. एखाद्या वहीत मात्र असं काहीतरी सापडतं: ‘आमच्या बोक्याचा एक कान फाटला आहे. तो आजीला घाबरतो, मला नाही.’ त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील. बाईंनी त्या सगळ्या लाल शाईने न रंगवता खाली ‘कान कसा फाटला?’ असं लिहिलं असेल, तर त्या बाईंच्या वर्गात मूल निर्धास्त सोपवावं.

प्रगतिपुस्तकाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे पालकांची फसगत होते. आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आहे. त्यात वर्षभर चालणारं आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटचं संकलित मूल्यमापन, असे दोन भाग असतात. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के धरला आहे. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, कृती, प्रकल्प अशा साधनांतून तो भरायचा असतो. म्हणजे कागदावर पद्धत उत्तम आहे. खरी परीक्षा वर्णनात्मक नोंदींची. ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यांत शिक्षकाने त्या मुलाबद्दल लिहायचं असतं. तयार नोंदींच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरत असतात आणि कामाच्या ओझ्याखाली दबलेले शिक्षक त्या उतरवतात. म्हणून एकाच वर्गातल्या दोन-तीन मुलांच्या नोंदी, नावं झाकून, दाखवायला सांगा. सगळ्यांना ‘गीते तालासुरात म्हणतो’ असेल तर काय ते समजा. ‘वजाबाकीत हातचा घेताना गडबडते, मण्यांनी केलं की जमतं’ अशी नोंद दिसली, तर तिथे कोणीतरी त्या मुलीकडे खरंच बघतंय.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे. त्यात मूल स्वतःबद्दल, मित्र मित्राबद्दल आणि पालक मुलाबद्दल नोंद करतात. शाळेने ते सुरू केलं असेल तर भरलेला एखादा नमुना बघायला मागा.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. ‘आम्ही आनंददायी शिक्षण देतो, अभ्यासाचा ताण देत नाही’ असं म्हणणाऱ्या काही शाळांत मुलं तिसरीपर्यंत नीट वाचूच शकत नाहीत. आनंद आणि वाचन यांत भांडण नाही. वाचता न येणारं मूल चौथीत दुःखीच होतं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशोब यावेत, हेच २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचंही उद्दिष्ट आहे. म्हणून त्या शाळेतल्या तिसरीच्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला एखादा उतारा वाचायला द्या आणि ‘काय झालं या गोष्टीत?’ असं विचारा. एका मुलावरून निकाल देऊ नका, तीन-चार मुलांशी बोला.

दप्तर उचलून पाहायला विसरू नका. २०२० च्या दप्तर धोरणानुसार त्याचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावं. २० किलोच्या मुलाला २ किलो, डबा-बाटलीसकट. त्याच धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, असं म्हटलं आहे. पहिलीच्या मुलाला रोज चार पानं लिहायला देणारी शाळा संध्याकाळचा खेळ काढून घेते.

बाईंशी आणि मुख्याध्यापकांशी बोलताना

शाळा कितीही नावाजलेली असो, मुलाचं वर्ष वर्गशिक्षिकेच्या हातात असतं. म्हणून पहिली-दुसरीच्या बाई किती वर्षं या शाळेत आहेत हे विचारा. दरवर्षी, कधी कधी सत्राच्या मधेच शिक्षक बदलत असतील, तर तिथे पगार, ओझं किंवा वागणूक यांत काहीतरी बिघडलेलं आहे आणि त्याची झळ मुलांना बसते. वर्गात मुलं किती, हेही महत्त्वाचं. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या लहान शाळेसाठी ६० मुलांना २ शिक्षक असं प्रमाण आहे. एका वर्गात पन्नास मुलं कोंबून ‘वैयक्तिक लक्ष’ देता येत नाही.

‘तुमची शाळा मुलांना घडवते का?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलंच मिळणार. त्याऐवजी घडलेली गोष्ट विचारा:

- वाचायला उशीर लागलेलं एखादं मूल आठवतं का? त्याच्यासाठी तुम्ही काय केलंत?
- दोन मुलं मारामारी करताना सापडली तर नेमकं काय होतं?
- गेल्या वर्षी पालकांच्या सूचनेवरून कोणती गोष्ट बदलली?
- पाऊस असेल तेव्हा खेळाच्या तासाला मुलं काय करतात?

पहिल्या प्रश्नावर बाईंचे डोळे चमकले आणि त्या भरभरून सांगू लागल्या, तर बाकीचे प्रश्न राहिले तरी चालेल. उत्तरात ‘अशी मुलं आमच्याकडे नाहीतच’ आलं, तर सावध व्हा. अध्ययन अक्षमता, बोलण्यातली अडचण, कमी ऐकू येणं असलेली मुलं प्रत्येक गावात असतात. ती त्या शाळेत नसतील तर ती कुठे गेली?

तुमच्या मुलाला अशी काही गरज असेल तर ती प्रवेशाच्या वेळीच मोकळेपणाने सांगा. ती लपवून मिळालेली जागा मुलाला पुढे फार महाग पडते.

सुरक्षितता

इथे भीड बाळगायची नाही. २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तिच्या सदस्यांची नावं फलकावर आहेत का? तक्रारपेटी मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर आहे का आणि ती कोण, कधी उघडतं? शिपाई, बसचालक, मदतनीस यांची पोलिस पडताळणी झाली आहे का? लहान मुलींना स्वच्छतागृहात नेण्यासाठी बाई मदतनीस आहेत का? शाळेच्या बसमध्ये शेवटचं मूल उतरेपर्यंत महिला मदतनीस असते का? हे सगळं विचारल्यावर राग मानणारी शाळा नको. चांगले मुख्याध्यापक असे प्रश्न विचारणाऱ्या पालकांना मान देतात. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक शाळेत ठळक लावलेला असावा, आणि तो आपल्या मुलालाही पाठ असावा.

पैशांचं

शुल्काचा पूर्ण तक्ता लेखी घ्या: प्रवेश, सत्र शुल्क, बस, गणवेश, पुस्तकं, सहल, ‘उपक्रम’. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेचं शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवावं लागतं आणि ठरलेलं शुल्क दोन वर्षं बदलता येत नाही. समितीतल्या एखाद्या पालकाला गाठून बैठक खरोखर होते का, ते विचारा. दहावीपर्यंत हा खर्च झेपेल का, याचा हिशोब आत्ताच करा. चौथीत पैशांमुळे शाळा बदलावी लागली तर मुलाच्या मनाला ते लागतं. उरलेल्या पैशांतून घरात पुस्तकं आली, सुट्टीत फिरणं झालं, तर तेही मुलाच्या शिक्षणातच जमा होतं.

जवळ एकच शाळा असेल तर

पुष्कळ घरांपुढे निवडीचा प्रश्नच नसतो. गावात जिल्हा परिषदेची एक शाळा, नाहीतर वीस किलोमीटरवर बसने जायचं. अशा वेळी मी गावातली शाळा घेईन आणि शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन बसेन. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो. शाळा विकास आराखडा तिथेच ठरतो. पेटीतली पुस्तकं बाहेर काढणं, परसबाग लावणं, गावातल्या कुंभाराला, सुताराला, ओव्या म्हणणाऱ्या आजींना महिन्यातून एकदा वर्गात बोलावणं, हे ठरवायला वरून परवानगीची वाट पाहावी लागत नाही. गावाने साथ दिली की काय होतं याचं ताजं उदाहरण खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा. २०२५ मध्ये ती जगभरातल्या शाळांच्या पुरस्कारात लोकांच्या पसंतीची ठरली.

निर्णय आणि पहिलं सत्र

दोन-तीन शाळा उरल्या की मुलाला घेऊन जा. ‘तुला कोणती आवडली?’ असं विचारून निर्णयाचं ओझं त्याच्यावर टाकू नका. नुसतं बघा, की कोणत्या मैदानावर तो तुमचं बोट सोडून पळाला, आणि तिथल्या बाई त्याच्याशी खाली वाकून बोलल्या की तुमच्याशीच बोलत राहिल्या. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या सहावी-सातवीतल्या मुलांशीही गप्पा मारा. बाईंचं नाव घेताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते पाहा.

प्रवेश झाल्यावर दिवाळीपर्यंत थोडं लक्ष ठेवा. पहिले काही आठवडे रडणं स्वाभाविक आहे. पण गणपतीनंतरही रोज सकाळी पोट दुखत असेल, झोपेत दचकत असेल, डबा तसाच परत येत असेल, तर आधी वर्गशिक्षिकेला भेटा. मुलासमोर शाळेला नावं ठेवू नका, आणि मुलाचं म्हणणं खोटंही ठरवू नका. ‘आज काय शिकवलं?’ याला ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘आज कोणाशी भांडलास?’ किंवा ‘आज कोण हसलं?’ असं विचारा.

बोलून, भेटून, पुन्हा बोलूनही काही बदललं नाही तर शाळा बदलायला कचरू नका. शक्य असेल तर वर्ष संपल्यावर बदला. मारहाण किंवा छळ होत असेल तर एक दिवसही थांबू नका. शाळा सोडल्याचा दाखला लगेच देणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. दाखला मिळायला उशीर झाला तरी त्या कारणाने दुसरी शासकीय किंवा अनुदानित शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षणहक्क कायद्याचं कलम ५ हेच सांगतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि त्याच आठवड्यात नव्या शाळेत मुलाचं नाव घाला.